दप्तराची दुसरी प्रत

भोपाळ शहरातील सातपुडा भवन ही मध्य प्रदेश शासनाच्या अनेक संचालनालयांची इमारत. १२ जून २०२३ रोजी दुपारी तिच्या तिसऱ्या मजल्यावर, आदिवासी कल्याण खात्याच्या कचेरीत आग लागली आणि बघता बघता ती वरच्या मजल्यांवर आरोग्य खात्याच्या दालनांत शिरली. ती आटोक्यात येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. जीवितहानी झाली नाही ही समाधानाची गोष्ट. परंतु हजारो नस्त्या भस्मसात झाल्या. भदभद्याच्या वाटेवरील कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्त्यांतून जो नोकरवर्ग रोज सकाळी डबा घेऊन कचेरीस निघतो, त्याच्या दृष्टीने त्या दिवशी केवळ कागद जळाले नव्हते. कोणाची पदोन्नती, कोणाची वैद्यकीय खर्चाची मागणी, कोणा दूरच्या गावच्या दवाखान्यास मिळावयाची औषधे, असे सारे त्या कागदांत होते. अशा वेळी जो तो एकच प्रश्न विचारतो : याची दुसरी प्रत कोठे आहे काय?

मुंबईकरांनी हा प्रश्न त्याच्या अकरा वर्षे आधी विचारला होता. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग थेट वरच्या मजल्यांपर्यंत गेली. पाच जण प्राणास मुकले आणि मुख्यमंत्र्यांच्या दालनासह अनेक खात्यांची दप्तरे जळाली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांत पडून असलेल्या प्रतींवरून जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ज्या कागदांची प्रतिमा आधीच संगणकात उतरून बाहेर ठेवली गेली होती, त्यांची चिंता मिटली. बाकीच्यांचे भवितव्य कोणत्या तरी तालुक्यातील कारकुनाने जुना कागद जपून ठेवला की रद्दीत घातला, यावर अवलंबून राहिले.

आज ज्याला ‘बॅकअप’ म्हणतात, म्हणजे संगणकातील माहितीची ठरल्या वेळी काढलेली राखीव प्रत, ती गोष्ट यंत्राबरोबर जन्मास आली असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. प्रत कधी काढावी, कोणी काढावी, कोठे ठेवावी आणि ती खरी उतरली आहे हे कसे पाहावे, हे प्रश्न दप्तराइतकेच जुने आहेत. मराठी मुलखातील कारकुनांनी त्यांची उत्तरे आपल्या परीने दिलेली आहेत आणि त्यांतील काही आजच्या उत्तरांहून सरस आहेत.

शिवकालीन इनामपत्रांच्या अखेरीस एक ठरीव आज्ञा वारंवार आढळते. परगण्याच्या अधिकाऱ्याने या पत्राची ‘तालीक’ लिहून घ्यावी आणि ‘असल’ पत्र इनामदारास परत द्यावे. तालीक म्हणजे नक्कल, असल म्हणजे मूळ. हे वाक्य इतक्या पत्रांत येते की वाचणारा ते न वाचताच पुढे जातो. परंतु त्याचा अर्थ असा की एका हुकुमाचे तीन साक्षीदार तयार होत. हुजूरच्या दप्तरात नोंद, परगण्याच्या कचेरीत नक्कल, आणि मूळ कागद ज्याचे हित त्यात गुंतले आहे त्याच्या घरी. पत्रावर ‘बार’ अशी जी खूण असे, ती नोंद झाल्याची. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत आवक-जावकीच्या शाखेस ‘बारनिशी’ म्हणतात, तो शब्द याच घराण्यातला. ज्याला गरज आहे त्याच्याच हाती मूळ कागद देण्याची ही रीत मोठ्या शहाणपणाची होती. कचेरीचा कारकून निष्काळजी असू शकतो. आपल्या जमिनीचा कागद घरच्या पेटीत ठेवणारा इनामदार सहसा नसतो.

महसुलाच्या हिशेबातही तीच तऱ्हा. गावचे कागद कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे आणि कमावीसदाराकडून जाणारा हिशेब पुण्यास हुजूर दप्तरी. देशमुख-देशपांडे हे वतनदार सरकारच्या मर्जीतून नेमले जात नसत, त्यामुळे त्यांचे कागद कमावीसदाराच्या कागदांशी ताडून पाहिल्यावाचून पुण्यास हिशेब मान्य होत नसे. पेशव्यांचा हेतू अर्थातच राखीव प्रत ठेवण्याचा नव्हता. कमावीसदाराने पैसे खाऊ नयेत, हा होता. परंतु फळ असे मिळाले की एकच माहिती तीन निरनिराळ्या ठिकाणी, तीन निरनिराळ्या हातांनी लिहिलेली राहिली. आणि एक हात दुसऱ्याच्या ताब्यात नसल्यामुळे एकाची चूक अथवा लबाडी तिन्हींत उतरत नसे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकाची. पेशवाईच्या दप्तरात ‘रोजकीर्द’ असे, म्हणजे त्या त्या दिवशी जे घडले त्याची तारीखवार नोंद. तीच माहिती खातेवार मांडली की ‘खतावणी’. वर्ष सरले की सर्वांचा मिळून ‘ताळेबंद’. समजा चालू वर्षाची खतावणी वाळवीने खाल्ली. गेल्या सालचा ताळेबंद आणि त्यानंतरची रोजकीर्द शाबूत असली, तर एक हुशार कारकून महिन्या-पंधरवड्यात ती पुन्हा जशीच्या तशी उभी करू शकेल. यंत्रशास्त्रात आज जी दोन प्रकारची प्रत सांगतात, काही काळाने एकदा संपूर्ण प्रत आणि मधल्या दिवसांत केवळ झालेल्या फरकाची प्रत, तिचे तत्त्व यापेक्षा निराळे नाही. संपूर्ण प्रत म्हणजे ताळेबंद, फरकाची प्रत म्हणजे रोजकीर्द. हुजूर दप्तराचे पुन्हा ‘चालते दप्तर’ आणि ‘एकबेरीज दप्तर’ असे दोन मोठे भाग होते. रोजच्या हाताळणीचे एकीकडे, एकंदर जमाखर्चाचे वर्गीकरण होऊन स्थिर झालेले दुसरीकडे.

पण नियम कागदावर असणे निराळे आणि तो रोज पाळला जाणे निराळे. पेशवे दप्तर ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८१८ नंतर ताब्यात घेतले, त्यांना असे आढळले की १७२९ च्या सुमारापासून दुसरा बाजीराव गादीवर येईपर्यंत ते चांगले राखले गेले होते आणि त्यानंतर त्याची हेळसांड झाली. आग लागली नाही, पूर आला नाही, शत्रूने लुटले नाही. केवळ रोजचे काम रोज करवून घेणारा धनी राहिला नाही. नाना फडणिसांच्या कडक देखरेखीविषयी कोणाचे काहीही मत असो, दप्तराच्या बाबतीत त्यांच्यामागे काय झाले ते पुरेसे बोलके आहे.

त्याआधीचा मोठा आघात रायगडचा. १६८९ मध्ये झुल्फिकारखानाने गड घेतला तेव्हा तेथील राजदप्तर नष्ट झाले असे इतिहासकार मानतात. शिवछत्रपतींच्या खास दप्तरातील कागद आज इतके थोडे का, याचे एक कारण ते. जे उरले ते बहुतांशी गावोगावच्या वतनदारांच्या घरांतून आले, म्हणजे त्या ‘असल परत द्यावे’ या आज्ञेमुळे उरले. पुढे राजाराममहाराजांनी जिंजीस असता कृष्णाजी अनंत सभासद याजकडून थोरल्या महाराजांचे चरित्र लिहवून घेतले. कागद गेल्यावर माणसाच्या आठवणीवर विसंबावे लागले. सभासदाची बखर मोलाची खरी, पण दप्तराची जागा ती घेऊ शकत नाही. आठवणीत पराक्रम राहतात, गावांच्या बेरजा राहत नाहीत.

मराठी मुलखाच्या दक्षिणेस, गोव्यात, याच काळी आणखी एक पद्धत चालू होती आणि तिचे वेळापत्रक कोणा अधिकाऱ्याने नव्हे तर वाऱ्याने ठरविले होते. लिस्बन आणि गोवा यांमधील जहाजे मोसमी वाऱ्यांवर चालत, म्हणून राजाचा पत्रव्यवहार वर्षातून ठरल्या हंगामीच होई. वाटेत जहाज बुडण्याचे भय नित्याचे. त्यामुळे महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांतून रवाना करीत आणि प्रत्येकीवर ती पहिली, दुसरी की तिसरी हे लिहीत. ही सर्व प्रती एकाच जहाजात घालण्याची चूक पोर्तुगीज दरबाराने केली नाही. आज मात्र ती चूक मोठमोठ्या संस्था करतात. या पत्रांचे गोव्यात बांधलेले ग्रंथ ‘मोंसोंइश’ म्हणजे मोसमांची पुस्तके या नावाने प्रसिद्ध आहेत. गोव्याचे दप्तरखाते १५९५ मध्ये स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु द कोउतु हा त्याचा पहिला अधिकारी.

पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. त्यामागून समुद्राची लाट आली आणि आगही भडकली. पूर्वेकडील व्यापाराचा सर्व कारभार जेथून चाले त्या ‘कासा द इंदिया’चे दप्तर त्यात नष्ट झाले. गोव्यातील पुस्तके मात्र हजारो मैल दूर, आपल्या जागी सुरक्षित होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतील साठाहून अधिक खंड गोव्याहून लिस्बनला नेण्यात आले. मूळ गावी दप्तर उरले नाही, तेव्हा परगावची प्रत मूळ गावी गेली. प्रत ‘दूर’ ठेवावी म्हणतात ते किती दूर, याचे उत्तर त्यात आहे. एकच भूकंप, एकच पूर, एकच दंगा दोन्हींस गाठू शकणार नाही इतके दूर.

गोव्याचीच दुसरी गोष्ट मराठी वाङ्मयाशी निगडित आहे आणि ती उलट बाजूने शिकवते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आला, मराठी भाषेवर लुब्ध झाला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तीन आवृत्त्या म्हणजे शेकडो प्रती. असे असता या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही! साऱ्या प्रती एकाच मुलखात, एकाच दमट हवेत आणि एकाच सत्तेखाली होत्या. १६८४ मध्ये त्या सत्तेने देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. मग ग्रंथ वाचला कसा? गोवा सोडून कानडा जिल्ह्यात मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरून घेतला होता. ते तो वाचीत, म्हणून प्रत जीर्ण झाली की नवी उतरवीत. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला. देवनागरी लिपीतील एक प्रत तर लंडनमधील मार्सडेन यांच्या संग्रहात निघाली. प्रतींच्या संख्येने ख्रिस्तपुराण वाचले नाही. त्या वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांच्या नित्य वापरात होत्या म्हणून ते वाचले.

वृत्तपत्रांचे तेच होते. सकाळी हजारो प्रती निघतात आणि पन्नास वर्षांनी एक शोधूनही सापडत नाही. भोपाळमध्ये १९ जून १९८४ रोजी स्थापन झालेले माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय या उणिवेतूनच उभे राहिले. ज्यांचे नाव त्यास दिले ते माधवराव सप्रे हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेणारे मराठी गृहस्थ. विजयदत्त श्रीधर यांनी घरोघरचे जुने गठ्ठे मागून आणून हा संग्रह जमविला.

नियमित वेळापत्रकाचे सर्वांत जुने आणि साधे उदाहरण पाहावयाचे तर चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे लागते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार व विवाह यांची वही ठेवण्याचा नियम केला. पण गावच्या चर्चमध्ये एकच वही, तीही तेलाच्या दिव्याखाली लिहिलेली, आणि छप्पर पावसाळ्यात गळणारे. म्हणून १९१७ च्या धर्मसंहितेने असे ठरविले की प्रतिवर्षअखेर धर्मगुरूने या वह्यांची प्रमाणित प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवावी. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याच्या ताब्यात. एवढ्या एका ओळीत सारे वेळापत्रक आले. इंग्लंडच्या चर्चमध्ये अशी वार्षिक नक्कल धाडण्याचा प्रघात १५९८ पासूनचा. ईस्ट इंडिया कंपनीनेही तो येथे आणला. मुंबई इलाख्यातील स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला १७०९ पासून लंडनला जात राहिल्या आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतात. कित्येक कुटुंबांना आपल्या पूर्वजांचा ठावठिकाणा तेथे लागतो.

नक्कल करताना चूक होते, हा याचा दुसरा भाग. ज्ञानेश्वरीच्या नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठ इतके बिघडले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांना निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. प्रत आहे, पण ती मूळाबरहुकूम आहे काय, हे पाहण्यास मराठीत ‘ताळा पाहणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. पोरांना गणितात तो शिकवितात आणि मोठेपणी कचेरीत गेल्यावर ते तो विसरतात.

यंत्रयुगात या साऱ्या गोष्टींनी नवे रूप घेतले. १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेत संगणकाची माहिती चुंबकीय फितीवर साठविण्यास प्रारंभ झाला. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० मध्ये काम करू लागला. त्या काळी पगाराचा अथवा विम्याचा हिशेब असा होई. कालपर्यंतच्या शिलकेची एक फीत यंत्रास लावावयाची, दिवसभराच्या नव्या नोंदींची दुसरी लावावयाची, आणि दोहोंच्या मिळणीतून आजच्या शिलकेची तिसरी फीत तयार व्हावयाची. आजची फीत बिघडली तर कालची आणि नोंदी घेऊन ती पुन्हा करता येई. कालचीही बिघडली तर परवाची. म्हणून तीन पिढ्यांच्या फिती राखून ठेवण्याचा दंडक पडला आणि त्यास त्या व्यवसायात ‘आजा, बाप आणि लेक’ असेच म्हणू लागले. आजोबास पुसून त्याच फितीवर नवा नातू लिहावयाचा, अशी ही वंशावळ फिरत राही. पुढे हाच दंडक दिवस, आठवडा आणि महिना यांना लागू झाला. रोजची प्रत हा लेक, आठवड्याची बाप, महिन्याची आजा.

आज एखाद्या शिक्षणसंस्थेने आपल्या संगणकांसाठी असे वेळापत्रक आखावयाचे ठरविले, तर प्रारंभ यंत्रापासून नव्हे, दोन प्रश्नांपासून करावा लागतो. पहिला, किती काळाचे काम नाहीसे झाले तर ते पुन्हा करणे शक्य आहे? दुसरा, काम बंद पडल्यास किती वेळ चालेल? प्रवेशाच्या आठवड्यात एका दिवसाचे अर्ज गेले तर शेकडो पालकांना पुन्हा बोलवावे लागेल. तेथे तासातासाला प्रत काढावी. ग्रंथालयाच्या सूचीत महिन्यातून चार पुस्तके वाढतात; तिला आठवड्याची प्रत पुरे. वेतनपत्रके महिन्याच्या अखेरीस, निकाल परीक्षेच्या अखेरीस मोलाचे होतात. सर्वांस एकच माप लावले की एकतर खर्च वाढतो, नाहीतर हानी. बहुतेक ठिकाणी हा विचार होतच नाही. विक्रेत्याने जे जोडून दिले तेच वेळापत्रक ठरते.

यानंतरची मांडणी सोपी आहे. रोज रात्री, काम थांबल्यावर, त्या दिवशीच्या फरकाची प्रत. शनिवारी संपूर्ण प्रत. महिनाअखेरीची प्रत वर्षभर ठेवावी, आणि ३१ मार्चचे हिशेब मिटल्यानंतरची प्रत कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत. जुन्या पिढ्या ठेवण्याचे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एखादी चूक, उदाहरणार्थ एका वर्गाचे गुण भलत्याच रकान्यात पडणे, तीन आठवडे कोणाच्या लक्षात आली नाही, तर गेल्या तीन आठवड्यांच्या प्रतींतही तीच चूक असते. म्हणूनच एका तबकडीवर जे लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटविणारी जी योजना असते, तिला राखीव प्रत समजणे हा भ्रम होय. ती यंत्र मोडल्यास उपयोगी पडते; पण माणसाने चुकून पुसले तर दोन्हीकडे एकाच वेळी पुसले जाते. प्रतींच्या संख्येविषयी पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने सांगितलेला ठोकताळा सर्वत्र मान्य झाला आहे. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. एक प्रत कोणत्याही तारेने यंत्राशी जोडलेली नसावी.

ही भर का पडली ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दिसून आले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी कोणी अज्ञात हल्लेखोरांनी तिच्या संगणकांत शिरून रुग्णांची माहिती कुलूपबंद केली. सुमारे दोन आठवडे तेथील नोंदणी, तपासण्या, पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. बाह्यरुग्ण विभागापुढील रांगांची कल्पना करावी! सुदैवाने एका राखीव यंत्रावरील प्रत हल्ल्यातून बचावली होती आणि तिच्यावरून रुग्णांची माहिती परत मिळाली, असे शासनाने संसदेस सांगितले. हल्लेखोर अशा वेळी प्रथम राखीव प्रतच शोधतात; ती तारेस जोडलेली असली की मूळाबरोबर तीही जाते.

दक्षिण कोरियाचे सुदैव आड आले नाही. त्या देशात संगणकविद्या घरोघर पोहोचली आहे. तेथे देजोन शहरातील शासकीय माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी विद्युत्‌घटांना आग लागली आणि शासनाच्या ७०९ यंत्रणा एकाच वेळी बंद पडल्या. पुष्कळशा पुढे सुरू झाल्या. परंतु सरकारी नोकरांनी आपले कामाचे कागद ज्यात ठेवावेत असा आग्रह होता, ते सामायिक भांडार, ८५८ टेराबाइट माहितीचे, समूळ गेले. त्याची बाहेर प्रतच नव्हती. इतक्या मोठ्या साठ्याची प्रत ठेवणे शक्य नाही, असे कारण देण्यात आले. पेशव्यांचा एखादा दप्तरदार तेथे असता तर त्याने बहुधा विचारले असते की सर्वांचे कागद एका कोठारात घालण्याचा हुकूम काढताना हे सुचले नाही काय!

वेळापत्रकातील जी नोंद सर्वत्र राहून जाते ती ताळ्याची. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या बोलपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याची बहुतेक सर्व चित्रे पुसली जाऊ लागली. राखीव फिती होत्या, त्या नेमाने काढल्याही जात होत्या. पण त्या पूर्ण उतरत नव्हत्या आणि ते कोणी पाहिलेच नव्हते. चित्रपट वाचला तो एका अधिकारी स्त्रीमुळे. बाळंतपणामुळे ती घरून काम करीत होती, म्हणून तिच्या घरच्या यंत्रावर एक प्रत होती. ते यंत्र रजयांत गुंडाळून मोटारीतून कचेरीत आणले गेले. घरच्या पेटीतला असल कागद येथेही कामास आला.

म्हणून जाणकार असे सांगतात की दर तीन महिन्यांनी एकदा, कोऱ्या यंत्रावर, प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून पाहावे. चार-दोन विद्यार्थ्यांचे निकाल, एखादे वेतनपत्रक उघडून मूळाशी ताडावे. किती तास लागले ते लिहून ठेवावे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच असते. काम कोणाचे हे नावानिशी ठरवावे आणि तो रजेवर असता कोणाचे हेही ठरवावे. दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात कचेऱ्या ओस पडतात. वेळापत्रके बहुधा तेव्हाच तुटतात. प्रतीस सांकेतिक कुलूप लावले असेल तर त्याची किल्ली त्याच यंत्रात ठेवू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. हे सारे वहीत, तारीख व सही घालून, लिहावे. त्या वहीस बारनिशी म्हटले तरी चालेल.

महाराष्ट्रातील सरकारी नोकराच्या सेवापुस्तकाची एक दुय्यम प्रत असते. ती त्याच्या स्वतःच्या हाती राहावयाची आणि मूळ पुस्तकातील नोंदी वेळोवेळी तीत उतरवून घ्यावयाच्या. पुष्कळ जण ती निवृत्तीच्या आधी सहा महिने शोधू लागतात. मूळ पुस्तक कचेरीत जळाले अथवा गहाळ झाले तर तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची साक्ष त्या दुय्यम प्रतीशिवाय कोठून आणावयाची, हे ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्यासच कळते.

भोपाळमध्ये हा प्रश्न निवृत्तिवेतनाहून कितीतरी कठोर आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून निसटलेल्या विषारी वायूने ज्यांची फुप्फुसे व डोळे गेले, त्यांना आपल्या आजाराचा पुरावा पुढे वर्षानुवर्षे दाखवावा लागला. एका रुग्णालयातील कागद दुसऱ्यात उपयोगी पडत नसे. जुना कागद हरवला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. अखेर ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली की वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकात उतरवाव्यात आणि प्रत्येक पीडितास त्याची आरोग्य-पुस्तिका व कार्ड द्यावे. नोंद रुग्णालयाच्या यंत्रात, आणि पुस्तिका पीडिताच्या घरी, त्याच्या स्वतःच्या पेटीत.